कोरा चष्मा

नाही हो, काच नाही फुटलेली — चष्म्यात आत साठलेलं पुसायचंय, सगळं. डब्यातून नवा काढल्यावर असतो ना, तसा कोरा करून द्या. दुरुस्तीच्या फॉर्मवर कारण लिहावंच लागतं? लिहा, जुना झाला. घाई? उद्या सकाळी कामावर हवाय.

चादरी धुण्याच्या कारखान्यात आहे मी, वाफेच्या नळांवर, आठ वर्षं. नळ सगळे दिसायला सारखेच. चष्मा घातला की त्यांच्यावर बाण उमटतात — हा आधी उघड, हा लाल, याला हात लावू नकोस. पण हा शिकतो बघा माणसाकडून. मला सगळं पाठ, मी बाणांकडे बघतच नाही, मग हाही एकेक बाण काढून टाकतो — सासूचा स्वभाव ओळखलेल्या सुनेसारखा गप्प. दोन वर्षं मला नुसते नळ दिसतायत. बरंच होतं की, डोळ्यांपुढची कटकट गेली!

आणि परवा माझी धाकटी जाऊ — चौथाच दिवस तिचा, मीच लावलं कामाला — तिचा चष्मा चार्जिंगला, म्हटलं घाल माझा, काय फरक पडतोय? आणि मी चहाला गेले. लाल बाण नाही म्हणजे धोका नाही, एवढंच शिकलेली ती. उघडला नळ. कोपरापर्यंत भाजलाय हो हात.

चष्मा माझा होता हे आम्हा दोघींनाच माहीत — त्यानं बाण काढून टाकलेत, ते तिला नाही. दवाखान्यात मलाच म्हणते, ताई, मीच वेंधळी, बाण असणारच, माझंच लक्ष नव्हतं. मी तिला पाणी पाजलं. उद्या साहेब हाच चष्मा, तिचा समजून, घालून तपासणारेत. तुम्ही कोरा केलात की सगळे बाण परत येतील, लालही दिसेल, मग माझ्यावर काही येत नाही, मग म्हणतील बाण तर होता, म्हणजे चूक —

चूक तिची.

थांबा. काढून टाकतील तिला. उजवा हात तो, आणि वर हे — नाही नाही, राहू द्या, द्या इकडे, सांगते मी साहेबांना, मीच — अहो, बोट काढा ना त्या बटणावरून. काढा.

दाबलंत?