अल्बमभर पाहुणे

शेजारच्या बाकावरचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून शिंपीणबाईंनी दुखऱ्या कानातला कापूस हळूच काढला. कानाच्या दवाखान्यात एकेकाळचा फंक संगीताचा बादशहा थोरल्या बहिणीला घेऊन बसला होता.

"ताई, वीस वर्षांनी अल्बम येतोय माझा! प्रत्येक गाण्यात एकेक बडा पाहुणा."

"आणि तू?"

"मी यजमान."

"पहिलं गाणं कोण म्हणतंय?"

"एक नवी पोरगी. काय गळा आहे! माझा आवाज तिच्या जरा मागे ठेवलाय."

"बरं. बेस गिटार तरी तुझीच ना?"

"आहे की. पण दुसऱ्या पाहुण्याने स्वतःची आणली. घरी आलेल्याला नको कसं म्हणणार? मग माझी थोडी दाबली."

"भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! अरे, मग तुझं उरलं काय?"

"गाणं सुरू होताना 'एक, दोन, तीन, चार' कोण म्हणतं? मीच!"

"धन्य आहे. आता कानाला काय झालंय ते तरी सांग. मला सकाळी सकाळी इथे का ओढून आणलंस?"

"काल अख्खा अल्बम ऐकला गं. मी कुठेच ऐकू येईना. म्हटलं, आधी कान तपासून घ्यावेत."