पालीहून येणारा फोन

नाही हो भाऊ, खालून नानांना हाक मारू नका. माझे सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनपासून हा जिना चढत नाहीत, आणि चढले असते तरी मघाशी ओटीवर तुम्हाला जे म्हणाले तेच म्हणाले असते — महिपत हो म्हणाला तर मी सही करतो. महिपत, आमच्या चॅनलवर मावशी होतो तो, नाही म्हणतो. झालं? नाही, तो इथे नाहीये, पण उत्तर त्याचंच आहे, मला ठाऊक आहे. मी कोण? मी धाकटी सून, सुजयची बायको. जानेवारीत आले या घरात. कमी बोलते असं सगळे म्हणतात, म्हणून तुम्हालाही खाली कोणी माझी ओळख करून दिली नसेल.

कागद वाचलाय मी. 'गंमत' चॅनल एक तारखेपासून बंद, त्या नंबरावर तुमच्या कंपनीच्या जाहिराती, आणि मावशीचा कार्यक्रम तेवढा उचलून मुंबईच्या स्टुडिओत न्यायचा — म्हणजे मासा काढून घ्यायचा आणि खाडी बुजवायची. तुम्ही कोल्हापूरकडचे ना? मग ऐकाच. नाना तेव्हा केबलवर हिंदी पिक्चर लावायचे. एका दुपारी पिक्चरची कॅसेट अडकली, हाताशी शिमग्यात काढलेली नमनाची, म्हणजे आमच्या कोकणातल्या सोंगांच्या खेळाची, कॅसेट होती, ती लावली — दोन सोंगं झाली नाहीत तोवर फोन सुरू! नाना समजले, लोक शिव्या द्यायला करतायत. तर लोक म्हणत होते, परत लावा, आमचा काका दिसला. त्यातून हे चॅनल. पंचवीस वर्षं सकाळी नऊला नमन, दुपारी शाळांच्या गॅदरिंगमधली नाटुकली — ज्यात राजा संवाद विसरतो आणि प्रधान त्याला चिमटा काढतो, ती तर दर महिन्याला लावावी लागते — आणि बुधवारी पाचला मावशी. तुम्ही म्हणता जुनाट. असेल. पण आमच्याकडे हसण्याचा आवाज मागून भरत नाहीत, लोक आपापल्या घरी हसतात.

मावशी म्हणजे नमनातली हो — लुगडं नेसलेला पुरुष, गवळणींना पाठीशी घालून कृष्णाशी भांडणारी. महिपतने तिला या खोलीत आणून बसवली, पदर नाकापर्यंत, समोर फोन. लोक गाऱ्हाणी सांगतात, मावशी त्यांची हजेरी घेते. पुरुषच लागतो त्याला, बाईमाणसाला तो फटकळपणा शोभत नाही — असं नाना म्हणतात. गेल्याच बुधवारी म्हणाले, महिपतच्या जिभेला उतारवयात काय धार आलीय!

काय बघताय? हां, तो टीव्ही. गेल्या आठवड्याचा भाग चालू आहे. मावशीचे हात? लाल आहेत, हो. रतांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस आहेत, फोडले की बोटं रंगतात, आठवडाभर जात नाही. महिपतही फोडत असेल रतांबे. माझे? माझे तर असणारच, गच्चीवर एवढी आमसुलं वाळत घातलीयत ती काय आपोआप —

बरं. बघितलंत ना. लपवत नाही आता.

महिपत फेब्रुवारीत लेकाकडे विरारला गेला तो आलाच नाही. बुधवार उजाडला, सुजय कॅमेऱ्यामागे डोकं धरून बसला, मी चहा द्यायला आले होते आणि खुंटीला लुगडं होतं. पहिलाच फोन — 'मावशी, नवरा ऐकत नाही.' मी घसा दाबून म्हटलं, 'ऐकतो गो, उत्तर देत नाही इतकंच!' हे माझ्यातून कुठून आलं मला माहीत नाही. सुजयचा कॅमेरा हलला हसून. पंधरा बुधवार झाले. खाली वाटतं, महिपत मागल्या जिन्याने येऊन जातो आणि सून वाळवण परतायला वर गेलीय.

आणि चौथ्या बुधवारी तो फोन आला. 'पालीहून मैना बोलत्ये.' पालीहून! मागे कुकरची शिट्टी झाली ती फोनमधूनही ऐकू आली आणि या जमिनीखालूनही. माझ्या सासूबाई हो, नाव-गाव बदलून. म्हणाल्या, मावशी, माझी सून बोलतच नाही, मला वाटतं मी तिला आवडत नाही. आता काय सांगायचं? मी म्हटलं, 'तू तिच्या आधी जेवून उठतेस, ती बोलणार कोणाशी, आमटीशी?' त्या रात्री त्यांनी दोन पाट मांडले. तेव्हापासून दर बुधवारी पालीचा फोन येतो. मी चुकले तर मैना सांगते, मैना चुकली तर मावशी तिला झापते, आणि सुरमईचा मधला तुकडा हल्ली माझ्या ताटात असतो. घरात आम्ही चार वाक्यं बोलतो. बाकीचं इथे.

तुमच्या मुंबईच्या स्टुडिओत मैनाने कसा लावायचा फोन, सांगा बघू? आधी एक मुलगी नाव-पत्ता विचारणार, मग 'होल्ड करा', मग निवडणार कोणाचं दुःख जास्त विनोदी आहे ते. ठेवून देतील सासूबाई. मला मोकळं बोलायला अजून एक बुधवारच आहे हो भाऊ — तो मी देणार नाही.

असे हसू नका. खाली जाऊन सांगायचंय? सांगा. सून लुगडं नेसून पुरुषाच्या आवाजात जगाला शहाणपण शिकवते म्हणावं. नाना दोन दिवस बोलणार नाहीत, पालीचा फोन बंद होईल. मग मी खाली जाईन आणि सासूबाईंच्या समोर बसून या तोंडाने बोलेन. घाम फुटेल, पण बोलेन. तुमच्या कागदावर सही मात्र त्यानेही व्हायची नाही, कारण पंधरा बुधवार महिपत मीच आहे, त्याचं उत्तर तुम्ही ऐकलंत, आणि नाना शब्द फिरवत नाहीत.

पाचला पाच कमी आहेत. उठा आता. मावशीची खुर्ची आहे ती.