फक्त माहितीसाठी

हसा, हसा, पण खराडीच्या ऑफिसात मी अजूनही जिन्यानेच चढते.

आमची कंपनी लिफ्टचंच सॉफ्टवेअर करते. आमच्याच इमारतीतल्या लिफ्टच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, रोज एक ओळ यायची: "कॅमेऱ्यात दिसतात त्या माणसांपेक्षा वजन जास्त." आणि तिची पातळी काय, तर साधी इन्फो! तो कोड आमच्या टीममधल्या इम्तियाजभाईंचा. मी म्हटलं, "अहो, ही एरर करा."

"एरर म्हणजे बिघाड. सेन्सर तपासलाय, बिघाड नाही."

"मग निदान वॉर्निंग?"

"वॉर्निंग म्हणजे पुढे धोका. ते बिचारे पाचव्यावर उतरून जातात. धोका कसला?"

"ते म्हणजे कोण?"

"माहीत नाही. म्हणून तर इन्फो. आपल्या माहितीसाठी."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हट्टाने वॉर्निंग करून टाकली. वॉर्निंग आली की लिफ्ट जागीच थांबते, हे डोक्यातच आलं नाही.

दुपारी जेवून तिसऱ्यावर येताना लिफ्ट मध्येच थांबली. आत मी एकटी. इम्तियाजभाईंना फोन लावला.

ते शांतपणे म्हणाले, "वजन दोघांचं दिसतंय. मी परत इन्फो करतो. तुम्ही तेवढं पाचव्याचं बटण दाबा, त्यांना उतरायचं असेल."

मी हात पुढे केला. पाचव्याच्या बटणाचा दिवा आधीच लागलेला होता.