छोट्या मशीनचा पक्का जोड

रबाळ्याच्या बस स्टॉपवर वैशालीच्या पुढे दोघं उभे होते. एक तरणा सायकल दुरुस्तीवाला, दुसरा बाहीवर ठिणग्यांची भोकं मिरवणारा म्हातारा.

"तुमी दिघ्यात एवढी वर्षं वेल्डिंग करताय काका, तुमीच सांगा. मोठंच मशीन घेऊ ना?"

"कामं कसली येणार?"

"सायकलचे स्टँड, कॅरियर, स्टोव्हचे पाय."

"मग छोटं बास हाय. मोठ्यानं गल्लीतले दिवे मिणमिणतील, शेजारणी उद्धार करतील तुमचा. आतली तार तेवढी तांब्याची घ्या."

"बघून कळेल?"

"बघून काय डोंबल कळतंय! तुटका स्टँड घेऊन जावा. दुकानातच जोड मारा, वर हातोडा हाणा. आन् पातळ पाइपाला करंट कमी ठेवा, न्हाईतर भोक पडंल."

"थँक्यू, काका."

"दुकान कुठं टाकताय?"

सायकलवाला चपलेकडे बघत म्हणाला,

"तुमच्या दुकानासमोरच."

"ठावं हाय. काल बोर्ड रंगवताना बघितलं की तुमाला."

वैशालीची बस आली. तिनं ती जाऊ दिली.

"तरी सगळं सांगितलंत?" सायकलवाल्यानं विचारलं.

"तुमचा जोड सुटला तर लोक तुमचं नाव घ्यायचे न्हाईत. दिघ्याचं वेल्डिंगच कच्चं म्हणतील."