चुना आणि गेरू

मार्गशीर्षातल्या सोमवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं. पालघरच्या एसटी स्टँडवर सातपाटीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मासळीवाल्या रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मी नुसतं ऐकत होते.

"मार्थे, खरं सांग. तुमच्या फादरनी चर्चचा मनोरा गेरूनं रंगवला?"

"रंगवला. बोलला, पांढरा रंग फिरंग्यांचा. फिरंगी गेलं, आता आपल्या मातीचा रंग पायजे."

"अगो, मातीचा रंग दिला तर मनोरा मातीतच मिसळंल ना. माझा धनी बोट घेऊन गेला तवा पांढरा व्हता. तोच बघून तो खाडीत वळतो. चुकून खडकावर गेला म्हंजे?"

"म्हनून तर आमी बाया गेलो फादरकडं. बोललो, बांधला आसंल फिरंग्यांनी, पन वाट आमच्या धन्यांना दाखवतो. आमचाच हाय तो."

"मंग? चिडला?"

"नाय, हसला. बोलला, मी घाटावरचा, मला समुद्राचं काय कळतं? काल समुद्राकडच्या अंगाला चुना मारून घेतला. गावाकडून गेरूच हाय."

"सुटले गो बाय. पन दोन तोंडांचा केलात त्याला."

"तुझ्यासारखा. घरात एक, बाजारात एक."

दोघी हसत सुटल्या.

"मी एकवीरेला नारळ बोललेय."

"मंग एक चर्चातल्या आमच्या माऊलीलापन आन."

"आनते. धनी आला का त्यालाच घेऊन येते. पन तुमच्याकडं नारळ फोडायचा कुठं?"

"पायरीवर फोड. चुन्याच्या अंगाला."