शेजारचा चौकोन

(दुपार. स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर चौकोन आखलेला पट, मातीचा एक राक्षस आणि लोखंडी नटांवर बसवलेल्या दोन सोंगट्या: एक ढालवाला, एक भालेवाला.)

ताई : हात लावू नकोस. सात महिने ढालवाला तिथंच उभा आहे.

फिटर : धूळ बसलीय गं. फुंकर मारत होतो.

ताई : त्याला कुणी फुंकर मारायची नाही. बस. डाव अर्धा राहिलाय आपला.

फिटर : डावासाठी बोलावलंस मला?

ताई : मग काय चहा पाजायला? राक्षस मी खेळवते. ढालवाला माझ्या भावाचा, भालेवाला तुझा. त्या रविवारी तू ढालवाल्याच्या शेजारून निघालास आणि तीन चौकोन पलीकडे गेलास, पेटीतली किल्ली उचलायला. मी ढालवाल्यावर राक्षसाचा वार काढला आणि आपली जुंपली.

फिटर : जुंपण्यासारखं काय होतं? नियमांच्या पुस्तकात सरळ लिहिलंय. जोडीदार शेजारच्या चौकोनात असेल तर वार फुकट जातो.

ताई : कधी असेल तर? तेवढं लिहिलेलं नाही.

फिटर : फेरी सुरू झाली तेव्हा मी शेजारी होतो.

ताई : आणि वार झाला तेव्हा?

फिटर : सुरुवातीला जो जिथं उभा, तो तिथंच धरायचा. मी तेव्हाही हेच म्हणत होतो.

ताई : तेव्हा म्हणालास आणि बुधवारी भाऊ टाकीत गुदमरून गेल्यावर कंपनीलाही हेच लिहून दिलंस. पाठ झालंय मला. ‘काम सुरू झाले तेव्हा मी टाकीच्या तोंडाशी हजर होतो.’

फिटर : खोटं नाही ते.

ताई : खोटं नाहीच. म्हणून तर डोक्यात वळवळतंय. त्या एका वाक्यावर त्यांनी ठरवलं, वर माणूस होता, दोर होता, म्हणजे चूक आत उतरलेल्याची. मास्क त्यानंच काढला असणार. आता आई येईल-जाईल त्याला सांगते, आमचा पोरगा पहिल्यापासून वेंधळाच. या ढालवाल्याचे डोळे रंगवायला तीन दिवस घेतले होते त्यानं. वेंधळा म्हणे.

फिटर : ताई, याचं तोंड राक्षसाकडे होतं ना?

ताई : होतं.

फिटर : आता माझ्या रिकाम्या चौकोनाकडे आहे.

ताई : मी रोज सरळ करते. सकाळी बघावं तर परत तिकडेच.

फिटर : खालचा नट सैल झाला असेल. फ्रिज सुरू झाला की टेबल थरथरतं.

ताई : फिटर तू आहेस. बघ सैल आहे का. आता लाव हात.

फिटर : थांब.

ताई : काय झालं? बोल.

फिटर : घट्ट आहे.

ताई : मग सांग. वार झाला तेव्हा तू कुठं होतास?

फिटर : पटावर?

ताई : आता मला खेळवू नकोस.

फिटर : साहेबानं हाक मारली. टाकीत माणूस उतरवायच्या परवानगीवर सही राहिली होती. माणूस आत, आणि परवानगी टेबलावर कोरी. म्हटलं, साहेब, एकजण वर लागतो. तर म्हणे, दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय? मी दोर कठड्याला बांधला. आत ओरडून सांगितलं, आलोच.

ताई : तो काय म्हणाला?

फिटर : म्हणाला, जा रे, मला कोण खातंय.

ताई : किती वेळ लागला?

फिटर : अकरा मिनिटं. साहेब पेन शोधत बसला. परत आलो तर टाकीत गॅस भरलेला, आणि दोर बांधला होता तिथला कठड्याचा रंग निघालेला. पार लोखंड दिसत होतं. किती ओढलं असेल गं त्यानं.

ताई : चौकशीवाल्यांना दिसलं नाही ते?

फिटर : दुसऱ्या दिवशी तेवढी जागा रंगवून घेतली. माझ्याकडून.

ताई : आणि तू रंगवलीस.

फिटर : दोन हात दिले. मारायचं असेल तर मार.

ताई : मारून काय करू तुला? ही त्याची वही घे. शेवटचं पान. सोमवारी लिहिलंय. मोठ्यानं वाच.

फिटर : ‘रविवारच्या वादाचा निकाल. भालेवाला शेजारीच धरावा. तो परत येतोच.’

ताई : तुझ्या बाजूनं दिलाय निकाल, गाढवानं.

फिटर : नको मला तो निकाल. तू वार धर. मी शेजारी नव्हतो. लिही तसं.

ताई : वहीत लिहून काय उपयोग? उद्या सकाळी दहाला चौकशीची शेवटची तारीख आहे.

फिटर : साहेब असेल समोर. नोकरी जाईल.

ताई : जाईल.

फिटर : कठड्याचं निघालं तर मलाही सोडणार नाहीत.

ताई : नाही सोडणार.

फिटर : तू असशील तिथं?

ताई : आत एकालाच घेतात. मी दाराशी उभी राहीन.

फिटर : किती वेळ?

ताई : तू बाहेर येईपर्यंत.