गोजरची भाऊबीज

भाऊबीज तोंडावर आली होती. कुळगावच्या पोस्टात मनीऑर्डरच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

“शंभर रुपये पाठवायला पाच रुपये कमिशन? विठा, हा जुलूम आहे.”

“काल कीर्तनात कृष्ण-द्रौपदीच्या आख्यानाला डोळे पुसत होतात ना?”

“बुवांचं ऐकायला कमिशन पडत नाही! बँकेचा ड्राफ्ट स्वस्त पडेल.”

“आणि तो वटवायला वन्संनी एसटीने तालुक्याला जायचं? तिकिटातच भाऊबीज संपेल.”

“मग चाळीतला धर्मराज उद्या गोजरच्या गावाला निघालाय, त्याच्या हाती देतो. एकदम फुकट.”

“तो बांधावर गुपचूप देईल. कुणाला कळणार?”

“गोजरला कळलं की झालं.”

“कसलं झालं! माझ्या भावाची मनीऑर्डर येते तेव्हा पोस्टमन अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडतो, ‘विठाबाई, माहेरचे पैसे आलेऽऽ!’ त्या दिवशी तुमची आई मला चहा करून देते.”

“आई? तुला?”

“आलं घालून. आणि वन्संना सासरी रोज ऐकवतात, की तुला माहेरचं कुणी विचारत नाही.”



“तिकडचा पोस्टमनपण ओरडतो का गं?”

“पारापासून सुरू करतो.”

त्यांचा नंबर लागला.

“साहेब, आज पन्नासचीच करा. उरलेले पन्नास पुढच्या आठवड्यात पाठवतो.”

“दोनदा केलीत तर कमिशन रुपयाभर जास्त बसेल हो.”

“बसू द्या. दोनदा ओरडू दे त्याला.”